अंगठा आमचा, कर्ज कुणाचे?



मृगाच्या तोंडावर आमच्या औसा तालुक्यातला एक कोरडवाहू शेतकरी पीककर्जाचे कागद घेऊन बँकेत गेला. साडेचार एकर रान. खरिपाला कापूस, त्यात तुरीचे पाटे, आणि रब्बीला थोडी ज्वारी. सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, सगळे पिशवीत नीट घडी करून ठेवलेले. साहेबांनी संगणकात नाव घातले आणि कागद तसेच परत सरकवले.

"तुमच्या नावावर आधीच कर्ज आहे. थकलंय. ते भरा, मग बघू."

"साहेब, कोणत्या बँकेचं?"

साहेबांनी एका बँकेचे नाव सांगितले. त्या बँकेची पायरी हा माणूस कधी चढला नव्हता. ती शाखा ज्या गावात, त्या गावाला त्याचा कुणी पाहुणाही नाही. तिसऱ्या खेपेला त्याला कर्जाच्या कागदाची प्रत बघायला मिळाली. खाली त्याची सही होती, मोठी वळणदार. आणि हा गडी सही करतच नाही, अंगठा लावतो.

आता कुणीही म्हणेल, प्रकरण मिटले. कागद खोटा आहे हे आंधळ्यालाही दिसते. पण प्रकरण मिटले नाही. बँक म्हणाली, पोलिसात जा. पोलीस म्हणाले, बँकेचे पत्र आणा. बँक म्हणाली, पत्र वरच्या ऑफिसातून येईल. पेरणी तर थांबत नाही. बी आणि खताचे पैसे त्याने शेवटी शेकडा तीन रुपयाने गावातच उचलले. ज्याने त्याच्या नावावर पैसे खाल्ले तो कुठेतरी सुखात आहे. ज्याचे नाव चोरीला गेले तो व्याज भरतो आहे.

माझे आजचे सांगणे एवढ्यापुरतेच आहे. घरात चोरी झाली तर पोलीस घरमालकाला विचारतात, काय गेले? पण शेतकऱ्याचे नाव चोरीला गेले तर बँक त्यालाच विचारते, कधी भरता? हा उलटा न्याय सुलटा केल्याशिवाय बाकी कोणतीही मदत उपयोगाची नाही.

गंगाखेडचा धडा

कुणी म्हणेल, असा एखादा प्रकार घडायचाच. एखादा नव्हे. अहमदपूरच्या पलीकडे आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की परभणी जिल्ह्यातला गंगाखेड तालुका लागतो. तिथल्या गंगाखेड शुगर या खाजगी साखर कारखान्याचे प्रकरण सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर, त्यांना न विचारता, त्यांच्या नावाने बँकांकडून पीककर्ज उचलले गेले, असा तो आरोप. २०१७ साली गंगाखेड पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. सहा बँका आणि रक्कम ३२८ कोटींची. ज्यांची नावे त्यात होती त्या शेतकऱ्यांना हे कळले केव्हा? बँकेच्या नोटिसा घरी आल्या तेव्हा.

कारखान्याचे प्रमुख रत्नाकर गुट्टे यांना मार्च २०१९ मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते तुरुंगातूनच विधानसभेवर निवडून आले. डिसेंबर २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कारखान्याशी संबंधित २५५ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली. दोषी कोण आणि निर्दोष कोण, हे ठरवणे कोर्टाचे काम. ते आपण कोर्टावर सोडू. माझा प्रश्न कारखान्याला नाही, बँकांना आहे.

तुम्ही आम्ही वीस-पंचवीस हजाराच्या पीककर्जाला गेलो की काय होते? सातबारा ताजा हवा. आठ-अ हवा. गावातल्या सोसायटीचा बेबाकीचा दाखला हवा. चार बँकांचे नो ड्यूज हवे. चतुःसीमा हवी. साहेब रजेवर आहेत, सोमवारी या. सोमवारी सर्व्हर बंद आहे, बुधवारी या. एवढी खातरजमा करणारी बँक हजारो शेतकऱ्यांच्या नावावर कोट्यवधी रुपये सोडते, तेव्हा तिचा एक माणूस तरी बांधावर जाऊन विचारतो का, की बाबा रे, हे कर्ज तू मागितलेस का? एका बांधावर जरी कुणी गेले असते तरी बिंग तिथेच फुटले असते.

तात्पर्य असे की कागदाची तपासणी ही चोर अडवण्यासाठी नसते. ती गरीब माणूस अडवण्यासाठी असते. मोठा माणूस गठ्ठ्याने कागद आणतो तेव्हा तपासणी होत नाही, टेबलावर चहा येतो.

चोरी कुणाची झाली?

या प्रकरणांत एक गोष्ट नीट बघा. गुन्हा नोंदताना बँक सांगते, आमची फसवणूक झाली. म्हणजे फसवला गेलेला कोण? बँक. मग शेतकरी कोण? तो फार तर साक्षीदार, आणि बँकेच्या वहीत मात्र थकबाकीदारच. चोरी पैशाची धरली जाते, नावाची धरली जात नाही.

हा घोळ फक्त आपल्याकडे होता असे नाही. अमेरिकेतही १९९८ पर्यंत असेच होते. दुसऱ्याच्या नावावर कुणी कर्ज काढले तर कायद्याने नुकसान झाले ते सावकाराचे, नावाच्या मालकाचे काही गेले असे मानतच नसत. १९९८ च्या कायद्याने तिथे पहिल्यांदा मान्य झाले की ज्याची ओळख चोरली तोही गुन्ह्याचा बळी आहे. २००३ च्या कायद्याने पुढचे पाऊल पडले. बळी माणसाने पोलिसांतल्या तक्रारीची प्रत आणि आपला पुरावा दिला की त्याच्या पत-नोंदीतले ते खोटे कर्ज चार कामकाजी दिवसांत झाकावे लागते. तक्रार खोटी निघाली तर नोंद परत उघडता येते. पण तोवर त्या माणसाचा व्यवहार अडत नाही. चार दिवस! आमच्या औशाच्या माणसाला पहिली प्रत बघायलाच तीन खेपा पडल्या.

आपल्याकडे कायदा अजिबात नाही असेही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-क आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. २००९ पासून ते लागू आहे. पण चोराला शिक्षा देणारा कायदा वेगळा आणि ज्याचे गेले त्याला उभे करणारा कायदा वेगळा. पहिला आपल्याकडे आहे. दुसऱ्याची वाट आपण अजून बघतो आहोत.

अंगठ्याचा जुना हिशेब

अंगठा आणि कर्ज यांचे नाते जुने आहे. १८५८ साली बंगालात हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने एका ठेकेदाराच्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला. कशासाठी? उद्या त्याने करार नाकारू नये म्हणून. म्हणजे सरकारदरबारी ठशाची सुरुवातच मुळी आपल्याला बांधण्यासाठी झाली, आपले रक्षण करण्यासाठी नाही.

आपल्याकडे सावकाराच्या वहीत अंगठा लावायचा, वर काय लिहिले ते सावकाराने वाचून दाखवायचे आणि आपण मान डोलवायची, अशा पिढ्या गेल्या. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. त्यांनी सावकाराच्या घरातून काय मागितले? सोने नव्हे, धान्य नव्हे. कर्जरोखे मागितले आणि चौकात जाळले. त्यांना पक्के ठाऊक होते की आपल्या गळ्यातला फास कागदाचा आहे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. त्या कायद्यातल्या दोन गोष्टी आजही घेण्यासारख्या आहेत. पहिली, शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर झाला पाहिजे, सावकाराच्या ओसरीवर नव्हे. दुसरी त्याहून मोलाची. कर्जाचा दावा आला तर कोर्टाने नुसत्या कागदावरच्या सहीकडे बघायचे नाही. व्यवहार मुळात केव्हा सुरू झाला, हातात रक्कम किती पडली, परत किती गेली, हे दोन्ही बाजूंना विचारून खणून काढायचे.

गोऱ्या सरकारला शेतकऱ्याचा कळवळा होता म्हणून हे घडले असे समजू नका. आग लागली होती म्हणून घडले. आणि आपले औसा तेव्हा निजामाच्या मुलखात, त्यामुळे त्या कायद्याची सावलीही आपल्यावर पडली नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी जे तत्त्व कायद्याने मान्य केले, ते आज संगणकाच्या राज्यात का अमान्य व्हावे? सही आहे म्हणून कर्ज खरे, हे तेव्हाही खोटे होते आणि आजही खोटे आहे. पैसे कुणाच्या हातात पडले, हाच खरा सवाल.

माफ करताना विचारले, देताना का नाही?

सरकार म्हणते, लाखो कर्जदारांना एकेकाला विचारणे शक्य नाही. शक्य आहे. सरकारने स्वतःच ते करून दाखवले आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. दोन लाखांपर्यंतचे थकीत पीककर्ज माफ व्हायचे होते. त्या वेळी काय केले ते आठवा. गावोगाव ग्रामपंचायतीत आणि बँकेत याद्या लावल्या. प्रत्येक नावापुढे एक क्रमांक दिला. तुम्ही केंद्रावर गेलात, अंगठा लावलात. यंत्राने रक्कम दाखवली आणि विचारले, हे कर्ज तुम्हाला मान्य आहे का? मान्य नसेल तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जायची.

सरकारच्या खिशातून पैसा जायचा होता तेव्हा सरकारने दहा वेळा खात्री केली. मग आमच्या नावावर कर्ज चढवताना एकदा विचारायला काय जड जाते? ज्या भिंतीवर माफीची यादी लागली, त्याच भिंतीवर दर हंगामाला कर्जवाटपाची यादी लावा. गाव वाचेल. जो माणूस चार वर्षांपूर्वी वारला त्याच्या नावावर कर्ज दिसले तर पहिल्याच दिवशी पारावर चर्चा होईल.

किल्लारी आपल्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने घरे पडली आणि घरांबरोबर कागदही मातीत गेले. रेशनकार्ड नाही, पासबुक नाही, खरेदीखत नाही. तेव्हा कोण कुणाचा, कुणाचे घर कुठे होते, हे गावच्या चार माणसांनी सांगितले तरच कळत होते. गाव हाच आपला पहिला दाखला. आज यंत्र कागद ओळखते, माणूस ओळखत नाही. म्हणून म्हणतो, गावाची साक्ष कर्जाच्या कामात परत आणली पाहिजे.

यंत्रावरचा अंगठा

दुसरी चोरी कर्जाची नव्हे, खात्यातल्या पैशाची. आता गावात बँक मित्र आला, सेवा केंद्र आले. अंगठा लावा, पैसे घ्या. म्हाताऱ्या माणसाची तालुक्याची खेप वाचली, हे खरे आणि चांगलेच आहे. बहुतेक केंद्रचालक आपल्यातलेच, प्रामाणिक. पण ज्याच्या मनात पाप आहे त्याचे काम सोपे झाले. "आजी, अंगठा लागला नाही, पुन्हा लावा." पहिला अंगठा लागलेला असतो. पैसे दोनदा निघतात, आजीच्या हातात एकदाच पडतात. मोबाईलवर संदेश येतो तो इंग्रजीत, आणि मोबाईल असतो नातवाकडे पुण्याला.

त्याही पुढची तऱ्हा ऐका. २०१८ साली शेजारच्या तेलंगणात एका माणसाने जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठ्यांचे ठसे उतरवून त्यांचे रबरी अंगठे केले आणि मोबाईलची सिमकार्डे चालू केली. म्हणजे खरेदीखतावर उमटलेला अंगठाही आता तिजोरीची किल्ली झाला. किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते. अंगठा कसा बदलणार?

या चोरीत मात्र रिझर्व्ह बँकेने एक चांगले काम केले आहे. ते प्रत्येकाने पाठ करावे. २०१७ च्या परिपत्रकांनी व्यापारी बँकांना आणि सहकारी बँकांनाही असा दंडक घातला, की खात्यातून इलेक्ट्रॉनिक मार्गाने पैसे गेले आणि चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा वेळी ग्राहकाने बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली तर त्याने काही सोसायचे नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात केली तर त्याच्या माथी येणाऱ्या तोट्याला मर्यादा आहे. चूक बँकेचीच असेल तर ग्राहकाला तोटा नाही. आपण होऊन ओटीपी सांगितला असेल तर तक्रार करेपर्यंतचा तोटा आपला, त्यानंतरचा बँकेचा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर.

बघा, तत्त्व मान्य झाले आहे! खात्यातून पाच हजार चोरीला गेले तर पुरावा बँकेने द्यायचा. मग नावावर पाच लाखांचे खोटे कर्ज चढले तर पुरावा शेतकऱ्याने का द्यायचा? मी कर्ज घेतले नाही, हे सिद्ध करायचे कसे? न घेतलेल्या पैशाची पावती कुठल्या दुकानात मिळते?

आपलेही चुकते

दुसऱ्याला बोलतो तसे स्वतःलाही बोलले पाहिजे. आपण सातबारा उसना देतो. हमीभावाच्या खरेदीला व्यापारी आपल्या सातबाऱ्यावर माल घालतो आणि आपण चहापाण्याच्या पैशावर गप्प बसतो. २०१७ साली तुरीच्या खरेदीत अशा तक्रारी इतक्या झाल्या की सरकारला चौकशी लावावी लागली. कापसाची गोष्ट वेगळी नाही. ज्या दिवशी आपला कापूस आपण केंद्रावर नेतो त्या दिवशी कळते की आपल्या सातबाऱ्यावर माल आधीच पडलेला आहे. शंभर-पाचशेला दिलेला सातबारा हजारोला पडतो.

एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ च्या खरिपात बंद झाला. का बंद झाला याची अनेक कारणे सरकार सांगते. त्यातले एक कारण खोट्या अर्जांचे. दुसऱ्याच्या रानावर, सरकारी जमिनीवर सुद्धा विमे उतरवले गेले. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात बोगस नावे घुसली आणि २०२५ साली तलाठ्यांवर निलंबनाची वेळ आली. चोरी करणारे मूठभर, पण त्या निमित्ताने सगळ्या शेतकऱ्यांचे नाव खराब झाले आणि खऱ्याचे अनुदान लांबले.

तिसरी गोष्ट पोरांना सांगा. शहरातले कुणी म्हणते, तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार देतो. ते खाते चोरीचा पैसा फिरवायला वापरतात. खाते गोठते, पोलीस घरी येतात आणि पोरगा आरोपी होतो. खाते भाड्याने द्यायची वस्तू नाही.

आणि झेरॉक्स! दर योजनेला आपण कोऱ्या झेरॉक्सचा गठ्ठा देतो. पुढच्या वेळी आधारच्या आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर आडवे लिहा: "फक्त ठिबक अनुदानासाठी" आणि खाली तारीख. शाई नावावरून आणि फोटोवरून गेली पाहिजे. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या. दोन मिनिटांचे काम आहे. तो कागद मग दुसरीकडे सहजी चालत नाही.

नाव चोरीला गेले तर

ज्याच्यावर ही वेळ आली त्याने घाबरून जाऊ नये. पुढचे वाचून ठेवा आणि गावात वाचून दाखवा.

१. खात्यातून पैसे गेले तर आधी १९३० या क्रमांकावर फोन करा. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. पहिले काही तास मोलाचे. पैसा पुढच्या खात्यात अडवता आला तर कोर्टाच्या आदेशाने परत मिळू शकतो. लगेच बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात.

२. खोट्या कर्जाची नोटीस आली तर एक रुपयाही भरू नका. लोकअदालतीत "निम्मे भरा, मिटवून टाका" असे म्हणतील. सही करू नका. भरलेला रुपया आणि केलेली सही म्हणजे कर्ज कबूल केल्याचा पुरावा होतो आणि वसुलीची मुदत नव्याने मोजली जाते. नोटिशीला उत्तर मात्र द्या, रजिस्टर टपालाने: "हे कर्ज मी घेतलेले नाही. अर्ज, सही, फोटो आणि रक्कम कुणाच्या खात्यात गेली त्याचा उतारा द्या."

३. पोलिसात लेखी फिर्याद द्या. जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचे कारण सांगून नाकारता येत नाही. गुन्हा नोंदला की प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतले नाही तर तीच फिर्याद टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

४. सातबारा काढून बघा. बोजा चढवण्याची फेरफार नोटीस आली असेल तर पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. नोंद मंजूर झाली असेल तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील आहे.

५. आपल्या नावावर कुठे कुठे कर्ज आहे ते कळते. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हायमार्क या चार कंपन्या देशभरच्या कर्जांची नोंद ठेवतात. वर्षातून एकदा प्रत्येकीने आपला उतारा फुकट द्यायचा असतो. खोटे कर्ज दिसले तर तक्रार द्या. एप्रिल २०२४ पासून नियम असा, की तीस दिवसांत तड लागली नाही तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई.

६. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उडवाउडवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. माहितीचा क्रमांक १४४४८.

७. आधारचा अंगठा कुलूपबंद करता येतो. लागेल तेव्हा उघडायचा, काम झाले की बंद. गेल्या सहा महिन्यांत आपला आधार कुठे कुठे वापरला तेही बघता येते. त्यासाठी मोबाईल क्रमांक आधारला जोडलेला हवा. चौकशीचा क्रमांक १९४७. केंद्रावर प्रत्येक वेळी पावती मागा, दुसरा अंगठा लावण्याआधी तर नक्कीच.

८. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. मायबहिणींना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि ठराविक मर्यादेखालच्या उत्पन्नाच्या माणसाला तिथून फुकट वकील मिळतो.

जिल्हा बैठकीपुढे

हे आठ मार्ग चांगले आहेत. पण एकट्या माणसाने ते चालायचे म्हणजे आठ दारे, आठ खेपा आणि आठ दिवसांची रोजी. चोराला एक दार लागते, बळीला आठ. म्हणून जिल्हा बैठकीपुढे पुढील मागण्या ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

एक, कर्जदाराने पोलिसात फिर्याद देऊन शपथपत्र केले की त्या कर्जाची वसुली त्याच दिवशी थांबली पाहिजे. पैसे त्याच्याच हातात पडले हे बँकेने तीस दिवसांत सिद्ध करावे. करता आले नाही तर नोंद पुसावी, सातबाऱ्यावरचा बोजा बँकेने स्वतःच्या खर्चाने उतरवावा.

दोन, चौकशी चालू असताना त्याचे नवे पीककर्ज अडवू नये. हंगाम चौकशीसाठी थांबत नाही.

तीन, शेतकऱ्याच्या नावाचे कर्ज शेतकऱ्याच्याच खात्यात जमा व्हावे, आणि वाटपाची यादी दर हंगामाला ग्रामपंचायतीत लागावी.

चार, प्रत्येक तालुक्याला आठवड्यातून एक दिवस, बाजारच्या दिवशी, पोलीस, बँक, तहसील आणि विधी सेवा समिती यांचा एकेक माणूस एका टेबलाला बसावा. एक अर्ज, एक पोच.

पाच, खोट्या कागदावर मंजुरीची सही करणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारी ठरावी. खोट्या सहीचा भुर्दंड खऱ्या सहीवाल्याने सोसावा.

सरकार मान्य करील तेव्हा करील. तोवर एक काम आपल्या हातात आहे. प्रत्येक गावच्या शाखेने पेरणीच्या आधी एक संध्याकाळ पारावर बसावे. दोन शिकलेली पोरे आणि एक मोबाईल पुरेसा आहे. ज्याची इच्छा असेल त्याचा सातबारा आणि कर्जाचा उतारा तिथेच काढून त्याला वाचून दाखवावा. विधवा बहिणींचे आणि म्हाताऱ्यांचे आधी. आकडे चावडीवर सांगू नयेत, ज्याचे त्याला सांगावेत. एखादे नाव खोट्या कर्जात सापडले तर दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याला बँकेत पाठवू नये. दहा जणांनी बरोबर जावे. शांतपणे बसावे आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.

आमचा तो साडेचार एकरवाला अजून खेपा मारतो आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "कर्ज काढलं असतं आणि बुडवलं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं. न खाल्लेल्या शेणाला तोंड धुवत बसलोय."

बुधवारी आम्ही आठ-दहा जण त्याच्याबरोबर बँकेत जाणार आहोत.